केंद्र, राज्ये आणि बाबासाहेब

केंद्र बळकट हवे म्हणणारे बाबासाहेबांचा दाखला देतात आणि राज्यांना अधिकार हवेत म्हणणारेही त्यांचाच. दोघेही अर्धे बाबासाहेब सांगतात, असे आमचे मत आहे.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी कोलंबिया विद्यापीठासाठी ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. तो १९२५ साली ग्रंथरूपाने आला. म्हणजे केंद्र व प्रांतांतील तिजोरीची वाटणी त्यांनी घटनेच्या कितीतरी आधी अभ्यासली होती.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता आली. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, पण ते मंजूर झाले नाही. प्रांताला अधिकार मिळाले म्हणून कुळाला न्याय मिळतोच असे नाही, हा आम्ही त्यातून घेतलेला धडा. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहणारी नदी एका प्रांताच्या कायद्याने आवरणारी नव्हती.

हा अनुभव घेऊनच ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. मूळ घटनेत केंद्राच्या सूचीत ९७, राज्यांच्या सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. उर्वरित अधिकार केंद्राकडे गेले. त्याच घटनेच्या सहाव्या अनुसूचीने आसामच्या डोंगरी आदिवासींना स्वायत्त जिल्हा परिषदाही दिल्या.

१९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी राज्यातील बहुसंख्य जात लहान समाजांना दडपेल, असा इशारा दिला. बिहार व मध्य प्रदेशाचे विभाजनही सुचवले. ते २००० साली झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आमच्या लढ्याशी याचा थेट संबंध आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम ३५ ने त्या गुन्ह्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही संसदेचाच. मात्र पोलीस हा विषय राज्याचा. कायदा दिल्लीत होतो, पण फिर्याद बहुधा गावच्या ठाण्यात नोंदवली जाते. म्हणून केंद्राकडे कायद्याचा आणि राज्याकडे तपासाचा जाब आम्हाला एकाच वेळी विचारावा लागेल. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, तर कार्यकर्त्यांनी घटनेची सातवी अनुसूची उघडून समोर ठेवावी.

जयभीम!