कासेगावचा विजय आणि सुरतेचा आश्रय

रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यांचे नाव निघाले की महाराष्ट्राला नारायणरावांचा खून आठवतो आणि सुरतेला ६ मार्च १७७५ चा तह. या दोहोंच्या मध्ये कासेगावची लढाई आहे. तिच्याकडे चरित्रकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

थोरल्या बाजीरावांचे हे पुत्र १७३४ साली जन्मले. तरवारीचे धनी होते, यात शंका नाही. १७५८ च्या एप्रिलात त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरात शिरल्या. हिशेब व धोरण मात्र त्यांना कधी साधले नाही. पुतण्या माधवरावांशी ते दोनदा लढले आणि १७६८ मध्ये धोडपला कैद झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले, पेशवाईची वस्त्रे दादांना मिळाली आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांनाच दोषी ठरविले.

दादा कर्नाटकाच्या स्वारीवर असता पुण्यात बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. नारायणरावांची गर्भवती पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने कारभार सुरू झाला. दादांना अडविण्यास त्रिंबकराव पेठे निघाले. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपूरनजीक कासेगावी दादांनी त्यांचा धुव्वा उडविला; त्रिंबकराव जखमी होऊन हाती लागले व त्या जखमांनीच वारले.

गादी साताऱ्यास असली तरी राज्याची खरी राजधानी पुणे, आणि ती आता उघडी पडली. शहराला तट नव्हता, आड येईल अशी फौज नव्हती. सावकार व गृहस्थ चीजवस्तू बांधून दूरच्या खेड्यांत आणि डोंगरी किल्ल्यांवर पाठवू लागले. आणि दादा पुण्यास आलेच नाहीत! हरिपंत फडके पाठीवर होते, पदरी पैसा नव्हता, शिंदे-होळकरांची आशा होती. ते बऱ्हाणपुराकडे वळले. कारणे खरी असतील, पण पुणे हाती असते तर ती निम्मी उरली नसती. १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि दादांचा हक्कच लंगडा पडला.

पुढे नुसती धावपळ. धारच्या किल्ल्यात ठेवलेल्या आनंदीबाईंना जानेवारी १७७५ मध्ये पुत्र झाला, तो दुसरा बाजीराव. १८०२ मध्ये हडपसरच्या पराभवाने पुणे पुन्हा असेच उघडे पडले, तेव्हा राजधानी सोडून जाणारा पेशवा तोच. फेब्रुवारी १७७५ मध्ये महीकाठी हरिपंतांनी दादांना मोडले. खंबायत, भावनगर करीत ते समुद्रमार्गे सुरतेस उतरले.

सुरतेचा किल्ला १७५९ पासून इंग्रजांकडे होता. येथील तहाने दादांनी साष्टी व वसई देऊ केली आणि अडीच हजार सैन्यासाठी सहा लाखांचे जवाहीर गहाण टाकले. ठाणे तर इंग्रजांनी आधीच घेतले होते! मे महिन्यात आडासची लढाई झाली. कलकत्त्याच्या कौन्सिलाने तह रद्द ठरवून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी शरणागती पत्करली आणि दादा महादजी शिंद्यांच्या हाती गेले. झाशीकडे नेत असता वाटेत निसटून ते पुन्हा सुरतेस, जनरल गॉडर्डच्या आश्रयाला आले.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी त्यांना सोडले. दरमहा २५ हजारांची नेमणूक ठरली, राहण्यास गोदाकाठचे कोपरगाव मिळाले. तेथेच ११ डिसेंबर १७८३ रोजी दादा निवर्तले.