डायलिसिस हा शब्द देणारा माणूस डॉक्टर नव्हता, टांकसाळीचा प्रमुख होता

किडनी निकामी झालेले अनेक पेशंट घरच्या घरी डायलिसिस करतात. पिशवीतलं पाणी नळीनं पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं. पण डायलिसिस हा शब्द आला कुठून? त्यासाठी थॉमस ग्रॅहम यांची गोष्ट माहीत हवी.

१८०५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात त्यांचा जन्म झाला. वडील कापडाच्या धंद्यात. मुलानं चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावं ही त्यांची इच्छा, तर मुलाला रसायनशास्त्राचं वेड. बापलेकाचं बिनसलं, पण ग्रॅहम मागे हटले नाहीत. १८३७ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये ब्रिटनच्या टांकसाळीचे प्रमुख झाले, तरी प्रयोग सुरूच राहिले.

१८६१ मध्ये त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला. त्यांनी पार्चमेंट कागद डफासारखा कड्यावर ताणला, त्यात लघवी ओतली आणि ते कडं पाण्यावर ठेवलं. २४ तासांत युरिया आणि क्षार कागदातून खालच्या पाण्यात उतरले. मोठे कण वरच अडकले. या प्रक्रियेला त्यांनी नाव दिलं डायलिसिस. १८६९ मध्ये ते वारले, तोवर या पद्धतीनं एकाही पेशंटवर उपचार झाले नव्हते.

१९२३ मध्ये गेऑर्ग गांटर या जर्मन डॉक्टरांनी हीच कल्पना पोटात वापरल्याचं जाहीर केलं. कागदाच्या जागी होतं पोटाचं आतलं अस्तर, म्हणजे पेरिटोनियम.

खरी अडचण इथेच आहे. कागद निर्जीव, अस्तर मात्र जिवंत पेशींचं. शरीरातलं जादा पाणी ओढून घ्यायला पिशवीत भरपूर ग्लुकोज घालतात. निर्जंतुक करताना ते उष्णतेनं जास्त बिघडू नये म्हणून जुन्या प्रकारचं द्रावण आम्लधर्मी ठेवतात, पीएच साधारण ५.५. तरीही थोडं ग्लुकोज बिघडतंच आणि त्यातून घातक घटक तयार होतात. या सगळ्याचा मारा वर्षानुवर्षं झाला की अस्तराच्या पेशी गळतात, खालचा थर जाड होतो, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग ग्लुकोज झटपट रक्तात शोषलं जातं आणि पाणी नीट निघत नाही. काही पेशंटना शेवटी मशीनवरच्या डायलिसिसकडे वळावं लागतं.

म्हणून दोन कप्प्यांच्या पिशव्या आल्या. ग्लुकोज वेगळं ठेवायचं, वापरण्याआधी मिसळायचं. त्यामुळे आम्लता आणि घातक घटक दोन्ही कमी होतात. ग्लुकोजचा मारा मात्र उरतोच.

ग्रॅहम यांना फाटलेला कागद बदलता येत होता. पेशंटला हे अस्तर बदलून मिळत नाही.