विश्वेश्वरय्यांचे मौन

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या यशाची उजळणी होते. त्या यशाच्या वाटेवर त्यांना पचवावे लागलेले वैफल्य मात्र सहसा कोणाला आठवत नाही. आराखडे करणारे आणि ते तपासणारे असे दोन्ही वर्ग उद्विग्न असताना तीच बाजू अधिक बोधप्रद ठरावी.

पुण्यात शिक्षण पुरे करून विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. धुळ्याजवळ पांझरा नदीतून नळ टाकण्याचे काम पावसामुळे लांबणीवर टाकावे, असे त्यांनी सुचविले. वरिष्ठांनी त्यात शिस्तीचा अभाव पाहिला. तरुण अभियंत्याने भर पावसाळ्यात ते काम पुरे करून दाखविले. पुढे खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी त्यांची कीर्ती झाली. पण मुख्य अभियंत्याचे पद हिंदी माणसाच्या आवाक्याबाहेरचेच राहिले. १९०८ मध्ये त्यांनी मुदतीपूर्वीच निवृत्ती पत्करली आणि मुंबई सरकारने आपला उत्तम अभियंता गमावला.

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. तेथे कावेरीवरील धरणाची त्यांची योजना अर्थखात्याच्या आक्षेपांत अडकली. विश्वेश्वरय्या खिन्न झाले, नवे काही सुचविण्याचे त्यांनी सोडून दिले आणि मौन धरले. महाराज कृष्णराज वडियार यांनी त्या मौनाचे कारण विचारले आणि १९११ मध्ये योजनेला मंजुरी दिली. कृष्णराजसागर उभा राहिला तो या विचारपुशीमुळे.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावाच्या बंधाऱ्यासाठी कोणी महाराज धावून येणार नसतो. अंदाजपत्रक उपविभागातून विभागात, तेथून मंडळात जाते आणि नव्या शेऱ्यासह परत येते. या फेऱ्यांत आराखडा करणाऱ्याची उमेद खचते. तपासणाऱ्याचे दुःखही निराळे नाही. होकार देऊन काम बिघडले तर जाब त्यालाच द्यावा लागतो. नकाराचा जाब मात्र कोणी विचारीत नाही. मग शंका काढीत राहणे हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटू लागतो.

छाननी हवीच, तिच्यावाचून लोकांचा पैसा आणि जीव दोन्ही धोक्यात येतील. परंतु सर्व आक्षेप एकाच वेळी, कारणांसह व ठराविक मुदतीत नोंदविले जावेत आणि मतभेद उरल्यास दोघांनी कामाच्या जागेवर जाऊन निर्णय करावा. विश्वेश्वरय्यांना १९०८ मध्ये राजीनाम्यानंतरही दुसरे दार उघडे होते. सामान्य अभियंता नोकरी सोडीत नाही. तो खुर्चीवर बसून मौन धरतो, आणि त्याची किंमत पाण्याची वाट पाहणारे गाव मोजते.