फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव फारुख बलसारा, ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार – २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हा ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक, गीतकार व पियानोवादक होता. पारशी कुटुंबातील हा मुलगा आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. तेथे तो पियानो शिकला व ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड त्याने सवंगड्यांसह उभा केला. पुढे मुलाखतींत मात्र त्या दिवसांविषयी तो फारसे बोलला नाही. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले.

‘क्वीन टू’ (१९७४) हा अल्बम आरंभीच्या हेवी मेटलच्या चाहत्यांना आजही प्रिय आहे. तबकडीच्या ‘काळ्या’ बाजूवरील सहाही गीते फ्रेडीची. उलट वाजवलेल्या ध्वनिफितीतून ‘ओगर बॅटल’ उसळते. गिटारचा तो गदारोळ ओसरताच हार्पसिकॉर्ड झणत्कारते आणि त्यामागोमाग पियानोच्या साथीने हळवे ‘नेव्हरमोर’ येते. रौद्र आणि कोमल यांची ही सलग गुंफण हेच अल्बमचे खरे आकर्षण होय. तत्कालीन ब्रिटिश समीक्षकांपैकी अनेकांना ती रुचली नाही; तरीही अल्बम तेथील यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचला. त्याच वर्षीचे ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ १९९० मध्ये मेटॅलिकाने नव्याने गायले.

एड्स झाल्याचे जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्रेडीचे निधन झाले.