पंडिता रमाबाई : आईच्या तोंडून शिकलेली मुलगी



२०२० साली शाळांना कुलुपे लागली, तेव्हा आपल्या शेंद्र्यात घराघरांत शाळा भरली. वडील कंपनीत पाळीवर, घरात मोबाईल एकच, आणि ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटता लाटता आई मुलाचे पाढे घेत आहे, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले. पुढे शाळा उघडल्या. पण काही मातांच्या मनात तेव्हा आलेला प्रश्न तिथेच राहिला. मुलांना घरीच शिकवले तर? परदेशात पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे तसे करतात, हेही कानावर येते. निदान धर्मशिक्षण तरी कोणी द्यायचे, आईने की शाळेने की चर्चने, हा प्रश्न तर पहिल्या कम्युनियनच्या तयारीच्या वेळी दरवर्षी निघतो.

या प्रश्नासाठी परदेशाकडे पाहायला नको. आपल्याच महाराष्ट्रात एक स्त्री होऊन गेली. ती सर्वस्वी आपल्या आईच्या हाताखाली घरी शिकली, आणि तेही अशा घरी की ज्याला छप्परच नव्हते. पुढे ती ख्रिस्ती झाली, स्वतः आई झाली, आणि आपल्या मुलीला कोणी काय शिकवायचे यावरून तिला आपल्या सर्वांत जवळच्या माणसांशी वाद घालावा लागला. ती पंडिता रमाबाई. त्या कॅथोलिक नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो.

कथा त्यांच्या आईपासून सुरू करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वैदिक विद्वान. विद्यार्थी असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत असत. ते पाहून या तरुणाच्या मनाने घेतले की आपल्या बायकोलाही शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर यात्रेला निघालेल्या शास्त्र्यांना गोदावरीच्या काठी एक यात्रेकरू कुटुंब भेटले आणि त्या कुटुंबातल्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. शास्त्री चाळिशी ओलांडलेले, मुलगी नऊ वर्षांची. आज हे वाचताना आपल्याला कसेसेच होते आणि व्हायलाच हवे. पण त्या मुलीला, लक्ष्मीबाईंना, नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, संस्कृत शिकवले, आणि घरात व गावात विरोध वाढला तेव्हा तिला घेऊन तो सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी, राहायला गेला. पहिल्या रात्री डोक्यावर निवारा नव्हता. रानात वाघाची डरकाळी ऐकू येत होती आणि ती लहान मुलगी पासोडीत अंग चोरून रात्रभर थरथरत होती, असे सांगतात. स्त्रियांना संस्कृत शिकवणे धर्मविरुद्ध नाही, हे शास्त्र्यांना उडुपीच्या विद्वानांपुढे शास्त्राधारे सिद्ध करून दाखवावे लागले.

त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला. ती सहा महिन्यांची असताना कुटुंबाने ते घर सोडले. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगरावरून खाली आणले आणि तेव्हापासून या कुटुंबाची कायमची यात्रा सुरू झाली. एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्या तीर्थक्षेत्री जायचे, देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचायचे आणि श्रोते जे देतील त्यावर जगायचे.

रमा आठ वर्षांची झाली तोवर वडील म्हातारे झाले होते. शिकवणे आईकडे आले. आईला दिवसभर काम: स्वयंपाक, पाणी, आल्यागेल्याचे पाहणे, मुलांचे करणे. मग तिने वेळ काढला तो पहाटेचा. उजाडण्यापूर्वी ती झोपलेल्या मुलीला जवळ घ्यायची, लाडाच्या शब्दांनी जागे करायची आणि पाखरांचा किलबिलाट सुरू असताना पाठ द्यायची. पुस्तक नसे. आईच्या तोंडून यायचे, मुलीच्या तोंडी बसायचे. पंधराव्या वर्षापर्यंत हे असेच चालले. भागवताचे हजारो श्लोक रमाला मुखोद्गत झाले. पुढे रमाबाईंनी अमेरिकेत आपले प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक लिहिले, ते अर्पण केले आईच्या स्मृतीला.

घरी शिकवण्याची ही उजळ बाजू. दुसरी बाजू रमाबाईंनी स्वतःच नंतर लिहून ठेवली आहे आणि ती लपवणे बरोबर होणार नाही. आईवडिलांनी मुलांना बाहेरच्या जगापासून जपून दूर ठेवले. मुलगा हुशार होता, पण इंग्रजी शिकला तर धर्म सोडेल या भीतीने त्याला शाळेत घातले नाही. हाताने करायचे कोणतेही काम मुलांना शिकवले नाही. श्लोक पाठ होते, पोट भरण्याची विद्या नव्हती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने कहर केला, तेव्हा पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला माणसेच उरली नाहीत. मजुरी मागायची लाज, भीक मागायची त्याहून लाज. तिरुपतीजवळच्या रानात कुटुंबाने कित्येक दिवस झाडाचा पाला खाऊन काढले. वडील गेले. काही आठवड्यांनी आई गेली. आई तापात पडली असताना रमा शेजारच्या घरी भाकरी मागायला गेली आणि तोंडातून शब्द फुटेना. आईला स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन चालत गेली. ज्या आईने पहाटे मांडीवर घेऊन शिकवले, तिला तिने असे पोहोचवले. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

मग भाऊ श्रीनिवास आणि रमा चालत निघाले. देशभर चार हजार मैलांची पायपीट झाली. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. कोणत्याही शाळेचा दाखला नसलेल्या मुलीचा हा सन्मान होता. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. तेवीस वर्षांची विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्याला आली. तिथे तिने आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंड गाठले, आणि त्या वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात आई आणि मुलगी दोघींनी स्नानसंस्कार घेतला.

आता खरा पेच. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकायला व संस्कृत शिकवायला गेल्या आणि छोटी मनोरमा बराच काळ वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिली. सिस्टर जेराल्डीन त्या मायलेकींवर जीव लावून होत्या. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. पण रमाबाईंचा स्नानसंस्कार झाला म्हणजे त्यांचे प्रश्न संपले नव्हते. पवित्र त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटत नव्हता. इतर काही शिकवणींवरही त्या अडून बसत. सिस्टर जेराल्डीन यांना वाटे की आईचा गोंधळ आईपाशी, मुलीला मात्र चर्चची पूर्ण शिकवण मिळालीच पाहिजे. रमाबाईंचे म्हणणे, मुलगी माझी आहे. जे मी स्वतः मानत नाही ते माझ्या पाठीमागे तिच्या मनात घालू नका. शिवाय मुलीने इंग्रज होऊ नये, ही त्यांची धास्ती होती. आपल्या माणसांत ती आपली म्हणून वावरावी, स्वतःला कोणी वरच्या दर्जाची समजू नये, आपल्या देशाचे नाव निघाल्यावर तिने मान खाली घालू नये, असे त्यांनी पत्रांतून परोपरीने सांगितले.

एक धर्मगुरू म्हणून मी त्रैक्याच्या बाबतीत रमाबाईंच्या बाजूने उभा राहणार नाही. सिस्टर जेराल्डीन जे शिकवू पाहत होत्या, ते आपणही दर रविवारी श्रद्धेच्या अंगीकारात म्हणतो. पण मूल कोणाचे, हा प्रश्न वेगळा आहे. संत थॉमस अक्विनास यांच्यापुढे तेराव्या शतकात असाच प्रश्न आला होता. यहुदी आईवडिलांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार द्यावा काय? मुलाला तारण मिळते, मग काय हरकत, असे कोणालाही वाटेल. संत थॉमस यांनी नाही म्हटले. मुलाला स्वतःची समज येईपर्यंत ते निसर्गतः आईवडिलांच्या छायेत असते, आणि तो हक्क मोडणे म्हणजे नैसर्गिक न्याय मोडणे. चांगल्या हेतूनेही तो मोडता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्रात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असे सांगितले, त्याची मुळे इतकी जुनी आहेत. तेव्हा आजीबाईंचा सिद्धान्त बरोबर होता आणि आईचा हक्कही बरोबर होता. दोन्ही एकाच वेळी बरोबर असतात तेव्हाच भांडण लांबते. प्रत्यक्षात काय झाले? १८८६ मध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या, पण गावोगाव व्याख्याने देत फिरताना पाच वर्षांची मुलगी सांभाळणे होईना, आणि त्यांनी तिला पुन्हा त्याच वाँटेजला त्याच आजीबाईंकडे पाठवले. कामावर जाणाऱ्या आयांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

अमेरिकेत रमाबाईंनी बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली. हाताने करून, खेळून, निरखून शिकणे ही ती पद्धत. पाठांतरावर वाढलेल्या बाईला याचे महत्त्व चटकन कळले असावे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला.

आणि त्याच १८९३ मध्ये तोच जुना वाद उलट बाजूने रमाबाईंच्या दारात आला. सदनात धर्माची सक्ती करायची नाही असे ठरले होते. त्या स्वतः आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. पालक भडकले, मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंची बाजू अशी की आई आपल्या मुलीला घेऊन प्रार्थना करते, ती दार लावून का करावी? पालकांची बाजू अशी की आमची मुलगी आम्ही शिकायला पाठवली होती, प्रार्थनेला नव्हे. वाँटेजला रमाबाई जे बोलत होत्या तेच आता पालक बोलत होते. आपण ख्रिस्ती वाचक सहज रमाबाईंची बाजू घेतो, पण संत थॉमस यांचा निकष लावायचा तर दोन्हीकडे लावावा लागतो. त्यातल्या पुष्कळ मुली जाणत्या वयाच्या, स्वतः विचार करू शकणाऱ्या होत्या, हेही त्याच तराजूत टाकावे लागेल. रमाबाईंनी दार मात्र लावले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला घेतलेल्या जमिनीवर १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इथे काय शिकवत, ते नीट पाहा. लिहिणेवाचणे तर होतेच, पण त्याबरोबर शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. एकही मुलगी हाताला काम नसलेली राहू नये, हा बाईंचा कटाक्ष. तिरुपतीच्या रानात पाला खाल्लेली मुलगी हे विसरणे शक्यच नव्हते. आईने जे दिले ते त्यांनी ठेवले, आईला जे देता आले नाही ते त्यांनी जोडले.

मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून आईपाशी परतली. आईला भीती होती तशी ती परकी झाली नाही. मुक्तीतली शाळा तिने सांभाळली, अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. गुलबर्ग्यालाही मुलींच्या शाळेचे काम तिने पाहिले. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आपल्या या भागासारखेच. रमाबाईंच्या नंतर सगळा कारभार तिच्याकडे जाणार हे ठरल्यासारखेच होते. पण २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमा आईच्या आधी गेली.

रमाबाईंचे त्या वेळी शेवटचे एक काम चालू होते. बायबलचे भाषांतर. जुन्या मराठी बायबलची भाषा जड आहे, साध्या बायकांना कळत नाही, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत स्वतः भाषांतर केले होते. मुलगी गेल्यानंतरही मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर पडले. छापखाना मुक्तीचाच होता आणि त्यात काम करणाऱ्या बायका-मुली तिथेच अक्षर ओळखायला शिकलेल्या होत्या.