ठाण्याचे पहिले लॅटिन मेंढपाळ : फादर जॉर्डन कातालानी

ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळील संत जॉन बॅप्टिस्ट चर्च आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ठाण्यातील कॅथोलिक श्रद्धेचा इतिहास म्हटला की आपल्या मनात पोर्तुगीज काळ उभा राहतो. तथापि १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली, त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी एका डॉमिनिकन धर्मगुरूने याच ठाण्यात एकट्याने ख्रिस्ताचा कळप सांभाळला होता. त्यांचे नाव फादर जॉर्डन कातालानी. आज आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेणार आहोत.

फादर जॉर्डन दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराकचे मानले जातात. भारतात येण्यापूर्वी ते इराणातील तबरीझ परिसरात कार्यरत होते. पर्शियन भाषा त्यांना चांगली अवगत होती आणि पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत ती उपयोगी पडे. १३२१ साली ते होर्मुझहून जहाजाने निघाले. सोबत चार फ्रान्सिस्कन होते: टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. त्यांना जायचे होते केरळातील कोल्लमला. परंतु जहाज ठाण्याला लागले. आमच्या ठाण्याच्या इतिहासाची ही सुरुवात अशी न ठरवता झाली!

ठाण्यात ख्रिस्ती अगदीच नव्हते असे नाही. नेस्टोरियन परंपरेची काही कुटुंबे येथे राहत होती आणि त्यांनीच या पाहुण्यांना घरी ठेवून घेतले. या परंपरेची मुळे फार जुनी. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या प्रवाशाने कॅलियाना येथे पर्शियात दीक्षित झालेला बिशप असल्याचे लिहिले आहे आणि हे कॅलियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. फादर जॉर्डन आले तेव्हा मात्र चित्र केविलवाणे होते. या भागात विखुरलेले काही लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत. पण त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, श्रद्धेचे ज्ञान नव्हते आणि संत थॉमस हेच ख्रिस्त होत, अशी त्यांची समजूत झाली होती, असे फादर जॉर्डन यांनीच नमूद केले आहे. मेंढपाळाविना कळपाची काय गत होते, हे त्यांनी येथे पाहिले.

या लोकांना शिकवण द्यावी म्हणून ते सोपारा आणि भरूचच्या वाटेला लागले. चौघे सोबती ठाण्यातच राहिले. ज्या घरी ते उतरले होते त्या घरात पती-पत्नीचे भांडण झाले, प्रकरण काझीपर्यंत गेले आणि साक्षीसाठी गेलेल्या धर्मबंधूंना तेथे धर्मविषयक प्रश्न विचारले गेले. वाद वाढला. झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या गुरुवारी, ९ एप्रिल १३२१ रोजी, तिघांना ठार करण्यात आले. पीटर यांना ११ एप्रिल रोजी. पुढे दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या त्या अधिकाऱ्याला देहदंड दिला, असे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

फादर जॉर्डन परतले ते सोबत्यांचे मृतदेह उचलण्यासाठी. एका जिनोव्हा येथील तरुणाच्या मदतीने त्यांनी ते सोपाऱ्याला नेले व तेथील चर्चमध्ये पुरले. आपण तेथे नव्हतो, आपल्याला तो मुकुट लाभला नाही, याचे शल्य त्यांच्या लेखनात दिसते. काही काळाने ओदोरिक येथे आले आणि हुतात्म्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनमधील झैतून बंदरापर्यंत गेले.

आता फादर जॉर्डन एकटे होते. त्याच वर्षीच्या १२ ऑक्टोबरला त्यांनी घोघा येथून इराणातील डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन बंधूंना पत्र धाडले. तक्रारीऐवजी त्यात मागणी आहे, आणि तीही नेमकी: सोपाऱ्याला दोन धर्मबंधू हवेत, भरूचकडे दोन-तीन, आणि कोल्लमलाही काही जण. नव्या धर्मग्रामासाठी धर्मगुरू मागणाऱ्या आजच्या कुणाही पॅरिश कौन्सिलला हे पत्र आपलेच वाटेल.

सोबती आले नाहीत. सुमारे अडीच वर्षे ठाण्यात एकट्याने काढल्यावर त्यांनी दुसरे पत्र लिहिले, ते ठाण्यातूनच. चाच्यांनी पकडले, तुरुंगात टाकले, आरोप झाले, आपल्या संघाचा झगाही अंगावर उरला नाही, केवळ सदऱ्यावर फिरावे लागले. डोके, छाती आणि पोट यांच्या वेदना तर नित्याच्याच. एवढे असूनही ते येथून हलले नाहीत. ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान त्यांनी ३५ जणांना बाप्तिस्मा दिला, तर भरूच परिसरात सुमारे ९० जणांना. पुढे आपल्या ग्रंथात ते भारतातील एकूण संख्या सुमारे ३०० सांगतात. कुणाला ही संख्या लहान वाटेल. आम्हांस वाटत नाही.

युरोपात परतल्यावर लॅटिनमध्ये लिहिलेला त्यांचा ग्रंथ मिराबिलिया डिस्क्रिप्टा हा मोठा रसाळ आहे. हेन्री यूल यांनी १८६३ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात फणस आहे, ताडी आहे, पारशी लोकांचे दोखमे आहेत. नारळाला ते नारगिल म्हणतात आणि आंब्याला अनिबा. हा शब्द त्यांनी किनाऱ्यावरील कुणा आपल्याच पूर्वजाच्या तोंडून ऐकला असेल, या विचाराने आम्हांला गंमत वाटते.

९ ऑगस्ट १३२९ रोजी पोप बावीसावे जॉन यांनी कोल्लम हा भारतातील पहिला लॅटिन धर्मप्रांत स्थापन केला आणि त्याच महिन्यात फादर जॉर्डन यांना त्याचे पहिले बिशप नेमले. १३३० साली त्यांच्या हाती पोप महोदयांची पत्रे देऊन त्यांची पाठवणी झाली. त्यांच्या सोबत्यांपैकी टोलेंटिनोचे थॉमस यांना १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी धन्यवादित म्हणून मान्यता दिली. फादर जॉर्डन यांच्या वाट्याला असा गौरव आला नाही.

ज्या कोल्लमला त्यांना जायचे होते, त्या केरळातील श्रद्धावंतांची असंख्य कुटुंबे विसाव्या शतकात नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत आली. त्यांच्यापैकी संत थॉमस यांचा वारसा सांगणाऱ्या सिरो-मलबार भाविकांसाठी १९८८ साली स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. त्याला नाव मिळाले कल्याण.