अल्फाँस पेनो : अकरा सेकंदांचे विमान

मेडिकल बोर्डाची भीती काय असते, हे आपल्यासारख्या शाळेत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लेखी परीक्षा होते, एसएसबीचे पाच दिवस पार पडतात, नाव यादीत येते. आणि मग गुडघा, कान किंवा डोळा आडवा येतो. एवढी वर्षे एकच गणवेश डोळ्यांसमोर ठेवलेल्या मुलाने आता काय करायचे, हा प्रश्न पालकांनाही झोपू देत नाही. आज ज्याची ओळख करून द्यायची आहे त्या फ्रेंच माणसाच्या आयुष्याची सुरुवातच या प्रश्नापासून झाली.

अल्फाँस पेनो याचा जन्म 1850 साली पॅरिसमध्ये झाला. वडील फ्रेंच नौदलात अ‍ॅडमिरल. अशा घरातल्या मुलाने समुद्रावर जायचे हे जवळजवळ ठरलेलेच असते. पण अल्फाँसला तरुणपणीच कमरेच्या सांध्याचा आजार जडला. चालताना कुबड्यांचा आधार घ्यावा लागे, वेदना कायमच्या. नौदलाचे दार बंद झाले. तो वळला उड्डाणशास्त्राकडे, ज्या शास्त्राला त्या काळी धड नावही नव्हते आणि ज्यात कोणाला नोकरी मिळण्याची शक्यता तर मुळीच नव्हती.

हवेपेक्षा जड यंत्र उडू शकते का, यावर तेव्हा वाद चालू होता. बहुतेकांचा भरवसा बलूनवर. त्याला कारणही होते. 1870 च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, आणि वेढलेल्या शहरातून टपाल व माणसे बाहेर काढण्यासाठी साठाहून अधिक बलून सोडले गेले. बलून काम करतो हे साऱ्या जगाने पाहिले. मात्र तो वारा नेईल तिकडे जातो, हेही पाहिले.

वेढा पडण्याच्या काही महिने आधी, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, पेनोने एक छोटे खेळणे बनवले होते. दोन पंखे उलट दिशांना फिरवून सरळ वर चढणारे हेलिकॉप्टर. असली खेळणी नवी नव्हती. धनुष्याच्या ताणलेल्या दोरीवर चालणारी खेळणी फ्रान्समध्ये 1784 पासून माहीत होती. पेनोने धनुष्य काढून टाकले आणि पीळ दिलेले रबर वापरले. बदल क्षुल्लक वाटतो, पण हिशेब पाहण्यासारखा आहे. पोलादी स्प्रिंग जड असते. धनुष्याची दोरी चारदोन फेऱ्यांत संपते. पिळलेले रबर वजनाने हलके, शेकडो फेऱ्या साठवून ठेवणारे आणि पंख्याला थेट जोडता येणारे. मॉडेल विमानाला त्याचे पहिले खरे इंजिन मिळाले ते असे. आजही नवशिका कॅडेट बाल्साची काडी आणि रबर घेऊन जे पहिले विमान करतो, ते याच माणसाचे देणे आहे.

वर चढणे जमले. पुढे जाणे मात्र अवघड होते. त्या काळी कोणीही पंख आणि पंखा लावून काही हवेत सोडले की ते नाक वर करी, वेग हरवून मागे घसरे किंवा नाक खाली घालून जमिनीत रुते. ताकद कमी पडते असे बहुतेकांना वाटे. पेनोने ओळखले की दोष ताकदीत नसून तोलात आहे. विमानात बसून दर क्षणाला ते सावरणारा कोणी नसेल, तर विमानाने स्वतःच सावरले पाहिजे. तशी रचना करता येते का?

त्याचे उत्तर होते मागे लावलेले एक छोटे आडवे शेपूट, मुख्य पंखापेक्षा कमी कोनात बसवलेले. पेनोच्या मॉडेलमध्ये हा फरक सुमारे 8 अंशांचा होता. हे काम कसे करते ते नीट पाहू. विमानाचा तोल पुढच्या बाजूला ठेवलेला असतो, म्हणजे त्याला नाक खाली घालायची ओढ असते. शेपटी उलट्या कोनामुळे मागचा भाग खाली दाबून धरते. दोन्ही ओढी एका ठरावीक वेगाला बरोबर जुळतात. वेग कमी झाला की शेपटीचा दाब कमी होतो, नाक खाली जाते, विमान उतरणीला लागून वेग परत मिळवते. वेग वाढला की दाब वाढतो, नाक वर येते, वेग उतरतो. झुळकीने नाक अचानक उचलले गेले, तर शेपटीला हवा खालून लागते आणि मागचा भाग उचलला जातो. कोणी हात लावत नाही, तरी विमान आपल्या वाटेवर येते. डावे-उजवे झुकणे सावरायला पेनोने पंखांची टोके वर वळवली. इंग्लंडमधल्या जॉर्ज केली याने शेपटीचे महत्त्व या शतकाच्या सुरुवातीलाच ओळखले होते, पण त्याचे काम फ्रान्समध्ये फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पेनो स्वतःच्या वाटेने तिथे पोचला.

18 ऑगस्ट 1871. पॅरिसमधली ट्यूलरी बाग. शेजारचा राजवाडा तीनच महिन्यांपूर्वी, कम्यूनच्या शेवटच्या लढाईत, जळून गेला होता आणि त्याच्या काळ्या भिंती अजून उभ्या होत्या. युद्ध हरलेल्या, स्वतःशीच लढून थकलेल्या शहरात काही जाणकार मंडळी एका एकवीस वर्षांच्या मुलाचे खेळणे पाहायला जमली. पंखांचा विस्तार 45 सेंटिमीटर, लांबी 50. वजन 16 ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या दोन नाण्यांइतके. त्यातले 5 ग्रॅम रबराचेच. पंखा सर्वांत मागे, शेपटीच्याही पाठीमागे. मॉडेलने 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर अंतर कापले. तोल न सुटता, आपले आपण. त्याने या यंत्राला प्लॅनोफोर असे नाव दिले होते. स्वतःचा तोल स्वतः राखणारे विमान लोकांसमोर उडाले ते हे पहिले, असे इतिहासकार मानतात.

अकरा सेकंद ऐकून हसू येत असेल, तर आपले रेडिओ कंट्रोल विमान मैदानात नेण्याआधी काय काय करावे लागते ते आठवून पाहा. सगळ्यात आधी आपण सीजी तपासतो. बॅटरी जागेवर बसवून, पंखाखाली दोन्ही बाजूंना तर्जनी ठेवून विमान उचलायचे. पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश अंतरावर ते समतोल राहायला हवे, नाक किंचित खाली असले तरी चालेल. शेपूट खाली लोंबत असेल तर विमान उडवू नये, मग कोणी कितीही घाई करो. शिसे चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून पाहावी. उगाच वाढवलेले वजन उतरताना वसूल होते. मग पंख आणि शेपटी यांच्या कोनांतला फरक, जो आता एक-दोन अंशांवर आला आहे, आणि पंखांचा वर वळलेला कोन. यातले प्रत्येक माप म्हणजे पेनोच्या एकेका प्रश्नाचे उत्तर आहे.

ट्रेनर आणि स्पोर्ट विमान यांतला फरकही इथेच समजतो. ट्रेनरचा पंख वर बसवलेला, टोकांकडे चढता. हात सोडला तर ते सरळ होऊ पाहते. स्पोर्ट विमानात हा कोन जवळजवळ काढून टाकलेला असतो. पंखाचा छेद बहुधा वरून-खालून सारखा असतो. ते तुम्ही ठेवाल तसे राहते, उलटे ठेवले तर उलटेही. पेनोने विमानाला दिलेले शहाणपण स्पोर्ट विमानात थोडे कमी करून उडवणाऱ्याच्या अंगठ्यांना दिलेले असते. म्हणून ट्रेनरवर पुरेसे तास झाल्याखेरीज स्पोर्ट विमान हाती घेऊ नये, हे माझे मत जरा जुन्या वळणाचे वाटले तरी मी ते बदलणार नाही.

पेनोचे तत्त्व डोळ्यांनी पाहायचे असेल तर एक चाचणी करा. विमान भरपूर उंचीवर नेऊन अर्ध्या थ्रॉटलवर सरळ उडेल असे ट्रिम करा. मग एलेव्हेटरने हलकेच उतार द्या आणि काडी सोडून द्या. विमान झटकन नाक वर करत असेल तर ते नाकाकडे जड आहे. उतार आणखी तीव्र होत असेल तर शेपटीकडे जड आहे. लगेच सावरा, उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. चांगले जुळलेले स्पोर्ट विमान बराच वेळ सरळ जाते आणि मग हळूहळू वर येते. हे सगळे अर्थात जमिनीवरची तपासणी झाल्यावर. प्रॉपेलर काढून ठेवून, विमानाच्या मागे उभे राहून पाहायचे : काडी उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर जातो ना, काडी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर उठतो ना, सिग्नल तुटला तर थ्रॉटल बंद होतो ना. सर्व्हो उलटा जोडलेला विमान उडाल्यावर कळला, तर तो कळून काही उपयोग नसतो. आणि विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे होते तेव्हा घाबरू नये. जो पंख खाली दिसतो त्याच बाजूला काडी न्यावी, विमान सावरते.

पेनोला अर्थातच अशा काडीची सोय नव्हती. मात्र त्याने ती कागदावर काढली होती. पंख फडफडवणारा यांत्रिक पक्षी वगैरे प्रयोग झाल्यावर 1876 साली त्याने पॉल गोशो या यंत्रकाराबरोबर माणसे नेणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले. त्यात काय नव्हते! दोन उलट फिरणारे प्रॉपेलर, आत ओढून घेता येणारी आणि धक्का सोसणारी चाके, पाण्यावरही उतरण्याची सोय, चालकाला काचेचा घुमट, आणि रडर व एलेव्हेटर दोन्ही एकाच दांड्याने हलवण्याची योजना. दोन माणसे घेऊन जाणाऱ्या या विमानाचे वजन सुमारे 1200 किलो धरले होते. यातल्या कितीतरी गोष्टी साध्या विमानांत यायला पुढे तीस-चाळीस वर्षे लागली.

अडचण एकच, पण डोंगराएवढी. एवढे वजन उचलील असे हलके इंजिन जगात नव्हते. वाफेचे इंजिन बॉयलरसकट जड. जर्मनीत निकोलाउस ओटो याचे चार स्ट्रोकचे इंजिन त्याच वर्षी तयार झाले, पण ते कारखान्याच्या फरशीवर पक्के बसवायचे अवजड धूड होते. म्हणजे पेनोला जे हवे होते ते जन्माला आले होते, आणि तरी त्याच्या हयातीत त्याच्या उपयोगी पडणार नव्हते. तो पैशासाठी फिरला. पाठबळ मिळाले नाही. टीका आणि टिंगल मात्र मिळाली. तब्येत ढासळत गेली.

ऑक्टोबर 1880 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. त्याआधी आपली सारी रेखाटने त्याने हेन्री गिफार या हवाईजहाजांच्या जाणकाराकडे पोचवली होती. पुस्तकांतून या शेवटाला बरेच नाट्यमय रूप दिलेले आढळते. मला ते इथे द्यावेसे वाटत नाही, कारण त्यात काही नाट्य नव्हते. सततच्या वेदनेने आणि निराशेने खचलेला एक आजारी तरुण होता. मन असे खचणे हाही आजारच आहे आणि त्यावर मदत मिळते, हे त्याच्या भोवतालच्यांना ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. आपल्या शाळेत यासाठी कधीही दार वाजवावे अशी माणसे आहेत, आणि त्यांच्याकडे गेल्याने कोणाच्या नोंदवहीत कमीपणा लिहिला जात नाही.

पेनो जिवंत असतानाच, त्याला कळण्याची काही शक्यता नसताना, त्याचे एक खेळणे समुद्रापार पोचले होते. 1878 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मिल्टन राइट या धर्मगुरूने आपल्या दोन लहान मुलांसाठी बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे एक हेलिकॉप्टर आणले. घडण पेनोची. विल्बर अकरा वर्षांचा, ऑर्व्हिल सात. खेळणे मोडल्यावर पोरांनी स्वतः तशीच आणखी केली, आणखी मोठी केली. मोठी केलेली धड उडेनात, याचे त्यांना मोठे कोडे पडले. आकार दुप्पट केला की ताकद दुप्पट करून भागत नाही, हे गणित त्यांना पुढे कळले.

वॉशिंग्टनमध्ये सॅम्युअल लँगली यानेही सुरुवात पेनोच्या धर्तीवरच्या रबरी मॉडेलांपासून केली. पुढे 6 मे 1896 रोजी त्याचे वाफेवरचे, माणूस नसलेले मॉडेल पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर उडाले, तेव्हा त्याच्या मागे पेनोचीच शेपटी होती.

राइट बंधूंनी मात्र 1903 मध्ये वेगळा मार्ग धरला. त्यांनी एलेव्हेटर पुढे ठेवला, विमान मुद्दाम अस्थिर राहू दिले आणि तोल राखायचे सारे काम चालकावर सोपवले. ते जबरदस्त उडवणारे होते, म्हणून निभावले. 1910 साली त्यांचे मॉडेल बी तयार झाले तेव्हा पुढचा एलेव्हेटर काढून मागे शेपटीवर नेलेला होता, पेनोने जिथे आपले आडवे शेपूट बसवले होते तिथे.